दहावीला ५४ टक्के, फर्स्ट पीयूला त्याहून कमी: एनडीएचं दार बंद झालं का?

खानापूरचा_मामा

नमस्कार मंडळी. प्रश्न भाच्याचा आहे. मला यातलं फारसं कळत नाही म्हणून इथं विचारायलोय.

पोरगं मराठी माध्यमातून एसएसएलसी, म्हणजे दहावी झालं. ६२५ पैकी ३४१. नंतर पीयूसी (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स, पीसीएमबी म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी, सगळं इंग्रजीतून. फर्स्ट पीयूला ६०० पैकी २८९, त्यात गणित ३८ आणि फिजिक्स ४१. आता सेकंड पीयू सुरू झालंय. जन्मतारीख १२ ऑगस्ट २००९. पळायला चांगलं आहे, कबड्डी खेळतं, पण पुस्तक हातात घेतलं की डुलकी. एनडीएला, म्हणजे सेनेत अधिकारी घडवणाऱ्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत जायचं म्हणून हट्ट धरून बसलंय.

गल्लीतला एकजण म्हणतो ६० टक्के नसले तर फॉर्मच भरता येत नाही. दुसरा एक 'ओळखीतून सीट करून देतो, दीड लाख' म्हणायलाय. खरं काय ते सांगा. किती वेळा परीक्षा देता येते? प्रश्नपत्रिका मराठीत किंवा कन्नडमध्ये असते का? एनडीए पुण्यात आहे, तर महाराष्ट्राचा रहिवासी दाखला काढला तर काही फायदा? आणि मुलाखतीत मार्कांवरून झोडपतात म्हणे, ते कितपत खरं?

---

मलप्रभा_काठ

मामा, दीड लाखवाल्याला आधी चहा पाजून वाटेला लावा. एनडीएत मॅनेजमेंट कोटा नाही, ओळखीची सीट नाही. लेखी परीक्षा यूपीएससी घेते, मुलाखत सेनेचं सिलेक्शन बोर्ड (एसएसबी) घेतं आणि शेवटची यादी पुन्हा यूपीएससीच लावते. मधे कुणाचा हात शिरायला जागाच नाही. फी १०० रुपये आहे आणि मुलींना, एससी-एसटींना तीही नाही.

आता ६० टक्क्यांचं. ती अफवा बिनबुडाची नाही, तिचं बूड दुसरीकडे आहे. बारावीनंतर अधिकारी होण्याच्या वाटा एकापेक्षा जास्त आहेत आणि लोक त्या एकत्र कालवतात. आर्मीची टेक्निकल एंट्री म्हणजे टीईएस, तिला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून ६० टक्के लागतात आणि जेईई मेन दिलेली असावी लागते. नेव्हीच्या बीटेक कॅडेट एंट्रीला पीसीएममध्ये ७० आणि दहावी किंवा बारावीच्या इंग्रजीत ५० टक्के, तिथंही जेईई मेन. एनडीएच्या परीक्षेला मात्र टक्क्यांची अटच नाही. आर्मी विंगला कुठल्याही शाखेची बारावी पास चालते. एअर फोर्स, नेव्ही आणि नेव्हल अकॅडमीला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे विषय असावे लागतात, पण तिथंही पास एवढंच. शेवटच्या मेरिटमध्ये दहावी-बारावीचा एकही मार्क धरत नाहीत. ९०० लेखीचे, ९०० एसएसबीचे, संपलं.

म्हणून भाच्यानं आत्ता एकच गोष्ट करू नये: गणित जड जातंय म्हणून विषय बदलू नये. पीसीएम सुटलं की तीनपैकी दोन सेना गेल्या.

वयाचा हिशेब जन्मतारखेवरून करा, इयत्तेवरून नको. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या आत पाहिजे. एप्रिलच्या परीक्षेचा कोर्स पुढच्या जानेवारीत सुरू होतो, सप्टेंबरच्या परीक्षेचा पुढच्या जुलैत. १२ ऑगस्ट २००९ म्हणजे १२ फेब्रुवारी २०२९ ला साडेएकोणीस पुरी. शेवटचा बसणारा कोर्स जानेवारी २०२९ चा. त्याच्या वाट्याला परीक्षा येतात त्या अशा: सप्टेंबर २०२६, एप्रिल २०२७, सप्टेंबर २०२७, एप्रिल २०२८. चार. वयात बसतंय तोवर कितीही वेळा द्या, संधी मोजत नाहीत. सेकंड पीयूला बसलेला मुलगा फॉर्म भरू शकतो, फर्स्ट पीयूचा नाही. लग्न झालेलं चालत नाही, हे सांगायला नको.

एक खाच मात्र आहे. सप्टेंबरची परीक्षा सेकंड पीयूत असताना दिली, तर बारावी पासचा पुरावा पुढच्या जूनच्या सुरुवातीपर्यंत द्यावा लागतो. आपल्याकडे आता एकाच वर्षात पीयूची परीक्षा एकाहून जास्त वेळा देता येते आणि त्यातले चांगले मार्क धरतात, म्हणून पोरं पहिली परीक्षा हलक्यात घेतात. दुसरीचा निकाल लागेस्तोवर मुदत अगदी गळ्याशी येते. पहिल्याच परीक्षेत पास व्हायचं. पुढची परीक्षा मार्क वाढवायला वापरा, टीईएससाठी पीसीएमचे ६० ओलांडता आले तर आणखी एक दार उघडतं.

रहिवासी दाखल्याचा काही संबंध नाही. राज्याचा कोटा नाही, पुण्याचा तर नाहीच. प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. मराठी नाही, कन्नडही नाही. भांडायला जागा नाही!

---

निपाणी_गणित

वरचं सगळं बरोबर. पण 'टक्क्यांची अट नाही' ऐकून पोरगं निवांत झोपेल, म्हणून पुढचं लिहितो. टक्के विचारत नाहीत, पण टक्के ज्यामुळं कमी आले ते कारण परीक्षेत समोर उभंच राहतं.

गणिताचा पेपर ३०० मार्कांचा, १२० प्रश्न, अडीच तास. प्रश्नाला सव्वा मिनिट. बरोबरला २.५, चुकलं तर ०.८३ वजा. दुसरा पेपर जनरल ॲबिलिटी, ६०० मार्क, १५० प्रश्न, तेवढाच वेळ. बरोबरला ४, चुकीला १.३३ वजा. दोन्हीकडे हिशेब एकच, तीन चुका एक बरोबर उत्तर खातात. शिवाय प्रत्येक पेपरात किमान मार्क लागतात, कधी २० टक्के, कधी २५. २५ धरून चाला. म्हणजे गणितात ७५, चुका वजा जाऊन ३० प्रश्न. दुसऱ्या पेपरात कितीही पाडले तरी गणितात ७४ आले की खेळ खलास. सीमाभागातली बरीच मराठी माध्यमाची पोरं इथंच पडतात.

एकूण लेखीचा कट-ऑफ २०२१ ते २०२४ मध्ये ९०० पैकी २९१ ते ३६० च्या मधे राहिला. म्हणजे निम्म्याहूनही खाली. ३७० चं लक्ष्य ठेवा. ते असं जुळतं: गणितात ४५ बरोबर, १२ चूक, म्हणजे ११२.५ वजा १०, हातात १०२.५. दुसऱ्या पेपरात ८० बरोबर, ३६ चूक, म्हणजे ३२० वजा ४८, हातात २७२. झाले ३७४.५. गणितातले ६३ प्रश्न हातही न लावता सोडलेत हे बघा. कमी मार्कांच्या पोराला सगळ्यात आधी शिकवायचं ते हेच, सोडायला. शाळेत 'काहीतरी लिहून ये' शिकवतात, इथं ती सवय महागात पडते.

गणित कुठून करायचं? पीयूची सायन्सची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, त्यामुळं दोन्ही वर्षांचं पुस्तक हाच निम्मा अभ्यास. ज्याला ३८ आलेत त्यानं कॅल्क्युलसपासून सुरुवात करू नये. क्रम असा ठेवा: मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट, मग संच, वर्गसमीकरण, श्रेढी, मग सांख्यिकी आणि संभाव्यता, मग त्रिकोणमिती, मग व्हेक्टर आणि थ्री-डी. डिफरन्शिएशन त्यानंतर, इंटिग्रेशन सगळ्यात शेवटी. पहिल्या तीन गटांचं गणित लहान असतं, सूत्र एक-दोन असतात आणि उत्तर पर्यायात घालून ताळा करता येतो. बायनरी संख्या पीयूच्या पुस्तकात नाहीत पण एनडीएच्या अभ्यासक्रमात आहेत, दोन दिवसांचं काम. उंची आणि अंतर दहावीतलंच, तेही येतं. कॅल्क्युलेटर चालत नाही. १ ते ३० चे वर्ग, १ ते १५ चे घन आणि सायन-कॉसचे नेहमीचे कोन तोंडपाठ पाहिजेत.

आता दुसरा पेपर. त्यात २०० मार्क इंग्रजीचे, ५० प्रश्न. उरलेल्या ४०० त फिजिक्स १००, केमिस्ट्री ६०, सामान्य विज्ञान ४०, इतिहास ८०, भूगोल ८०, चालू घडामोडी ४०, हा वाटा अभ्यासक्रमातच साधारण दिलेला असतो. लोक चालू घडामोडींच्या मासिकांवर पैसा घालतात, तिथं ४० मार्क. इतिहास-भूगोल मिळून १६०, आणि ते आठवी ते दहावीच्या पुस्तकांतून सुटतं. आपल्या पोरानं ते मराठीत शिकलेलं असतं, म्हणून धडा मराठीत वाचून संज्ञा इंग्रजीत वहीवर काढाव्यात. 'वातावरणाचे थर' येतं, 'ट्रोपोस्फिअर' दिसलं की अडतं, असं नको.

इंग्रजीत मराठी पोराच्या चुका ठरलेल्या असतात. 'मला दोन भाऊ आहेत' चं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' करणं. 'च्याविषयी चर्चा' म्हणून 'डिस्कस अबाउट' लिहिणं. आपल्याकडे आर्टिकल नाही, म्हणून 'अ' आणि 'द' गाळणं. चूक ओळखा प्रकारचे प्रश्न नेमके याच जागी बोट ठेवतात. रोज वीस वाक्यं घ्यायची, चूक शोधायची आणि का चूक ते मराठीत एका ओळीत लिहायचं. तीन महिन्यांत फरक दिसतो.

जुन्या प्रश्नपत्रिका यूपीएससीच्या साइटवर फुकट आहेत. मागची दहा वर्षं म्हणजे साधारण वीस संच. क्लास लावा न लावा, हे वीस संच घड्याळ लावून सोडवल्याशिवाय परीक्षेला बसू नये. खरं सांगायचं तर सप्टेंबर २०२६ ला हा मुलगा निघेल असं मला वाटत नाही. फॉर्म तरी भरा, हॉलमध्ये बसून येऊ दे. खरी धडक एप्रिल आणि सप्टेंबर २०२७ ची.

---

खानापूरचा_मामा

लई उपयोगी. आईनस्टाईन करायचं नाही, ४५ बरोबर करायचेत, हे त्याला सांगितल्यावर चेहरा जरा खुलला. अजून एक. मार्क्स कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग बापाच्या नावाचं नुसतं एक अक्षर. आधारवर पूर्ण नाव आणि आडनावाचं स्पेलिंगही वेगळं, कन्नडवरून इंग्रजी केलेलं. याचं काही होतं का?

---

कागद_आधी

होतं. आणि आपल्याच भागात जास्त होतं. शाळेच्या रजिस्टरला मराठी, सरकारी कागदाला कन्नड आणि कार्डाला इंग्रजी अशा तीन लिप्यांतून नाव फिरतं आणि प्रत्येक वळणावर एखादं अक्षर गळतं.

यूपीएससीला नाव आणि जन्मतारीख दहावीच्या कार्डाप्रमाणंच पाहिजे. म्हणून मार्क्स कार्डाला हात लावू नका, आधारवरचं नाव मार्क्स कार्डासारखं करून घ्या. मार्क्स कार्ड दाखवून आधार केंद्रात नाव बदलतं, पण नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा स्पेलिंग अक्षर-अक्षर ताडून मगच पावती घ्या. चूक मार्क्स कार्डावरच असेल, म्हणजे जन्मतारीखच चुकली असेल, तरच मुख्याध्यापकांमार्फत मंडळाकडे जायचं. त्याला महिने लागतात. फॉर्ममध्ये एकदा भरलेली जन्मतारीख नंतर बदलून मिळत नाही.

केंद्राचंही सांगतो. आपल्याला जवळचं धारवाड. पण प्रत्येक केंद्राला जागा ठरावीक असतात आणि आधी भरेल त्याला आधी मिळतं. शेवटच्या दिवशी भरणाऱ्याला बेंगळुरू, पणजी नाहीतर पुणे निवडावं लागतं. सप्टेंबरच्या परीक्षेचे फॉर्म मे-जूनमध्ये निघतात, एप्रिलचे डिसेंबरात. पहिल्या आठवड्यातच भरा. पहिला पेपर सकाळी १० ला, फाटक अर्धा तास आधी बंद. खानापूरहून पहाटेच्या गाडीच्या भरवशावर राहू नका. आदल्या संध्याकाळीच अळणावरमार्गे धारवाडला पोचा.

सेनांचा पसंतीक्रम फॉर्ममध्येच द्यावा लागतो. अलीकडच्या जाहिरातींत एनडीएच्या ३७० जागांपैकी २०८ आर्मीच्या, १२० एअर फोर्सच्या, ४२ नेव्हीच्या, नेव्हल अकॅडमीच्या थोड्या वेगळ्या. आवड असेल तो क्रम द्या, पण ज्या सेनेत जायचंच नाही ती उगाच भरू नका, मुलाखतीत त्यावरूनही विचारतात.

लेखी निघाल्यावर लोक ज्यात हमखास अडकतात ते हे: पहिली पसंती आर्मी दिली असेल तर निकालानंतर दोन आठवड्यांत आर्मीच्या भरतीच्या साइटवर स्वतः नोंदणी करावी लागते. तिथूनच एसएसबीची तारीख मिळते. घरी पोस्टानं पत्र येईल म्हणून वाट बघत बसणाऱ्याची मुदत निघून जाते. एसएसबीला जाताना दहावीचं मूळ सर्टिफिकेट, बारावीचं मार्क्स कार्ड, आणि बारावी चालू असेल तर प्रिन्सिपॉलचं बोनाफाईड. झेरॉक्स वेगळ्या, मूळ प्रती वेगळ्या.

---

बोर्ड_पाच_दिवस

'मार्कांवरून झोडपतात' यावर लिहितो.

एसएसबी पाच दिवसांची. आपल्या मुलांना बहुतेक वेळा बेंगळुरू पडतं, पण भोपाळ, प्रयागराज, कपूरथला काहीही येऊ शकतं. बेंगळुरू असेल तर राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत जाता येतं. पहिल्याच दिवशी चाळणी असते: बुद्धिमत्तेचे दोन पेपर, मग एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवून ४ मिनिटांत गोष्ट लिहायची आणि ती गटासमोर सांगून चर्चा करायची. मोठा गट त्याच संध्याकाळी घरी परततो. मराठी पोरं इथं दोन कारणांनी बाद होतात. गोष्ट चांगली लिहितात पण सांगताना इंग्रजी अडलं की गप्प बसतात, नाहीतर पाठ केलेली 'समाजसेवा शिबिरा'ची गोष्ट कुठल्याही चित्राला चिकटवतात. मोडकंतोडकं इंग्रजी चालतं, मधे एखादं हिंदी वाक्य आलं तरी आभाळ कोसळत नाही. गप्प बसणं चालत नाही.

मार्क येतात ते पीआयक्यू फॉर्ममध्ये. हा फॉर्म आपल्या हातानं भरायचा असतो: दहावी-बारावीचे टक्के, माध्यम, घरची माणसं आणि त्यांचे व्यवसाय, खेळ, छंद, एनसीसी, जबाबदारीची पदं. मुलाखत घेणारा तो समोर ठेवूनच बसतो. प्रश्न एकेक येत नाहीत, माळ लावून येतात. 'दहावीचे टक्के, फर्स्ट पीयूचे टक्के, आवडता विषय, नावडता विषय, आवडते शिक्षक का आवडतात, मार्क कमी का झाले, मग काय केलं, सांगा.' एवढं सगळं एका दमात. उत्तरही क्रमानं द्यायचं. काही राहिलं तर 'शेवटचा प्रश्न पुन्हा सांगाल का सर' म्हणायला हरकत नाही.

५४ टक्के पाहून कुणी झोडपत नाही. ५४ चं कारण कसं सांगतो ते ऐकतात. दोन उत्तरं शेजारी ठेवा.

'सर, माध्यम बदललं, कॉलेजात नीट शिकवत नव्हते, घरी शेतीचं काम असायचं.'

'सर, मराठीतून इंग्रजीत आलो. पहिल्या दोन टेस्ट घोकून दिल्या, ती माझी चूक. नोव्हेंबरपासून रोज दहा गणितं इंग्रजीतून लिहून सोडवतो. मिडटर्मला ५७ आले, फिजिक्स अजून मागं आहे.'

पहिल्यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, तरी ते तक्रारीचं उत्तर आहे. दुसऱ्यात चूक कुणाची, काय केलं, किती झालं आणि काय राहिलं हे सगळं आकड्यासकट आहे. पण हे दुसरं उत्तर पाठ करून जाऊ नका. त्यानं खरंच नोव्हेंबरपासून दहा गणितं केली असतील तरच ते टिकतं. पुढचा प्रश्न 'काल कुठली दहा केली?' असाही येतो. म्हणून मार्कांच्या प्रश्नाची तयारी आजपासून, सेकंड पीयूत वर चढणारा आलेख हेच त्याचं उत्तर.

मानसशास्त्राच्या चाचण्यांत ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद. 'फेल' असा शब्द आला की कमी मार्कांची पोरं 'फेल्युअर इज स्टेपिंग स्टोन' लिहितात. तेच वाक्य गटातले आणखी आठजण लिहितात. त्यापेक्षा साधं, स्वतःचं लिहावं. चित्रांवरून १२ गोष्टी, त्यातलं शेवटचं पान कोरं. मग ६० प्रसंग अर्ध्या तासात, शेवटी स्वतःचं वर्णन: आईवडील काय म्हणतात, शिक्षक, मित्र. इथं 'अभ्यासात कंटाळा करतो असं आई म्हणते' लिहिलेलं चालतं, कारण मुलाखतीशी ते जुळतं. लपवलं आणि दुसरीकडून बाहेर आलं तर मात्र तिन्ही परीक्षकांच्या (मानसशास्त्र, मुलाखत, मैदान) कागदांत फट पडते.

मैदानावरचे दोन दिवस कबड्डीवाल्याला परके वाटणार नाहीत. फळी, बल्ली, दोर घेऊन गटानं अडथळा ओलांडायचा. ताकदीपेक्षा दुसऱ्याची कल्पना ऐकून घेणं जास्त लागतं.

खानापूरच्या मुलाला हमखास येणारे प्रश्न त्याच्या जिल्ह्याचे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, कळसा-भांडुरा प्रकल्प आणि म्हादईचं पाणी यावरून गोव्याशी वाद काय, मराठा लाईट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, सांबऱ्याला एअर फोर्सचं ट्रेनिंग स्कूल, १९४५ पासूनचं मिलिटरी स्कूल. आणि सीमाप्रश्न. तो विचारला तर घोषणा देऊ नये, तारखा द्याव्यात: १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६६ ला नेमलेला महाजन आयोग, २००४ ला महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात घातलेला दावा, प्रकरण न्यायप्रविष्ट. 'तुझं मत काय' असं पुढं आलं तर न्यायालय ठरवेल ते दोन्ही राज्यांनी पाळावं एवढं शांतपणे सांगता आलं तरी पुरे. तिथं मत तपासत नाहीत, तापलेल्या विषयावर आवाज चढतो का ते बघतात.

एअर फोर्स फ्लाइंग भरणार असाल तर एक लक्षात ठेवा. पायलटची जी संगणकावरची चाचणी असते ती आयुष्यात एकदाच. नापास झाला की फ्लाइंगची वाट कायमची बंद, बाकी सेना खुल्या.

---

व्हॅक्सिन_डेपो_सकाळ

शरीराचं थोडक्यात. अकॅडमीत जाण्याआधी २.४ किमी १५ मिनिटांत, पुश-अप आणि सिट-अप किमान २०, चिन-अप ८, आणि ३-४ मीटर दोर चढणं जमावं अशी अपेक्षा जाहिरातीतच लिहिलेली असते. पळण्यात तुमचा मुलगा निघेल. चिन-अपमध्ये सगळे अडकतात, आत्तापासून रोज दाराच्या चौकटीला नाहीतर आंब्याच्या फांदीला लटकू दे. खानापूरच्या पावसात जून ते ऑगस्ट पळणं होत नाही, तेव्हा पडवीत दोरीच्या उड्या.

मेडिकलला जे अडवतं ते आधीच तपासून घ्या: कानातला मळ, नाकाचं वाकडं हाड, सपाट पाऊल, गुडघे एकमेकांना लागणं, व्हेरिकोसील (अंडकोषाच्या शिरा फुगणं), जादा वजन. कानातला मळ कानाच्या डॉक्टरकडून काढून जायचं, एवढ्याशावरून तात्पुरतं अनफिट होतात. डोळ्याचा नंबर असेल तर या वयात लेझर करून घेऊ नका, एनडीएला ते अपात्र ठरवतं. टॅटू काढायचा विचार असेल तर सोडा. अनफिट ठरवलं तर ४२ दिवसांत अपील मेडिकल असतं, घाबरून परत यायचं नाही, कागद नीट वाचून यायचं.

---

मलप्रभा_काठ

ड्रॉपचा मुद्दा राहिला. सेकंड पीयू झाल्यावर वर्षभर घरी बसवून नुसती एनडीए करायची, हे मला पटत नाही. डिग्रीला नाव घाला, एनसीसी असलेलं कॉलेज बघा आणि उरलेल्या दोन परीक्षा तिथूनच द्या.

---

निपाणी_गणित

इथं माझं थोडं वेगळं. ज्याचं गणित ३८ वर आहे त्याला डिग्रीच्या पहिल्या वर्षाबरोबर एनडीएचं गणित झेपत नाही, दोन्हीकडं अर्धवट होतं. जून ते सप्टेंबर २०२७ हे चार महिने मोकळे मिळाले तर फायदा आहे. पण पूर्ण वर्ष नको, हे मान्य.

---

मलप्रभा_काठ

चार महिने मोकळे आणि ॲडमिशन दोन्ही जमतं की. बीए किंवा बीकॉमचा पहिला सेमिस्टर झेपतो. मी डिग्रीचा आग्रह का धरतोय ते सांगतो. एनडीए हुकली तरी अकॅडमी हुकत नाही. सीडीएस आहे, यूपीएससीचीच, वर्षात दोनदा. डिग्री पास लागते, टक्क्यांची अट नाही. डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकॅडमीसाठी इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि गणित, प्रत्येकी १०० मार्क, गणित दहावीच्या पातळीचं. चेन्नईच्या ओटीए या अकॅडमीला तर गणितच नाही, फक्त इंग्रजी आणि सामान्य ज्ञान. गणित ज्याचा शत्रू त्याला ही वाट मोकळी.

एनसीसीचं सी सर्टिफिकेट बी किंवा वरच्या ग्रेडनं असेल आणि डिग्रीला ५० टक्के, तर आर्मीच्या एनसीसी स्पेशल एंट्रीतून लेखी न देता थेट एसएसबी. फर्स्ट इयरलाच नाव घातलं नाही तर सी पर्यंत वर्षं पुरत नाहीत, हे कॉलेजात कुणी सांगत नाही. एअर फोर्सच्या एएफकॅट परीक्षेत मात्र जुने मार्क पुन्हा वर येतात: फ्लाइंगसाठी डिग्रीला ६० टक्के आणि बारावीला गणितात ५०, फिजिक्समध्ये ५०. म्हणून आत्ता सेकंड पीयूत त्या दोन विषयांत ५० ओलांडणं हे एनडीएपुरतं नाही.

---

खानापूरचा_मामा

आज मार्क्स कार्ड आणि आधार समोरासमोर ठेवून बघितलं. आडनावात 'एच' एक कमी, बापाचं नाव आधारवर पूर्ण, जन्मतारीख दोन्हीकडे सारखी. सोमवारी आधार केंद्रात जातो. भाच्याच्या खोलीत भिंतीवर चार परीक्षांचे महिने आणि शेजारी 'गणित ३०' लिहून चिकटवलंय. तो म्हणतो ४५ लिहा, ३० वाचलं की नापासाचे मार्क वाटतात.

---

निपाणी_गणित

त्याचं बरोबर आहे, ४५ लिहा. आणि मॅट्रिक्सपासून सुरू करायला सांगा, आजच.